वाचणारे सगळे लिहीत नाहीत

दरवर्षी नवरात्राच्या आसपास नागपुरातल्या चौकाचौकांत दोन प्रकारचे फ्लेक्स लागतात. एक देवीच्या मंडळांचे आणि दुसरे ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञांमध्ये आमच्या सरांची निवड’ असं जाहीर करणारे. खरं तर निवड कुणी केलेली नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संशोधक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधल्या माहितीवरून गणित मांडतात, २२ क्षेत्रं आणि १७४ उपक्षेत्रं पाडतात आणि त्या गणितात जी नावं वर येतात ती यादीत जातात. यादी तशी प्रामाणिक आहे. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन्स (म्हणजे एका पेपरनं दुसऱ्या पेपरचा दिलेला दाखला) वगळली तर आकडा किती उरतो, हेही ती सांगते. पण फ्लेक्सवर एवढं मावत नाही. तिथे ती दहावीच्या गुणवत्ता यादीसारखी दिसते आणि लोकही ती तशीच वाचतात.

या फ्लेक्सवरून आमच्या नेत्रतज्ज्ञांच्या वर्तुळात जो वाद जुंपलाय, तो दोन्ही बाजूंनी वाईट लढवला जातोय. एका बाजूचं म्हणणं, प्रमोशन असो की पुरस्कार, एच-इंडेक्स (पेपर आणि त्यांची सायटेशन्स यांवरून काढलेला आकडा) पाहा आणि मोकळे व्हा. सिनिऑरिटीच्या नावाखाली खुर्च्या उबवणं पुरे झालं. दुसरी बाजू तावातावानं सांगते की आम्ही सकाळी नऊपासून ओपीडीत मान मोडतो, आमच्याकडे कसली सायटेशन्स मागता? पहिल्यांना वाटतं, आकडा म्हणजेच परिणाम. दुसऱ्यांना वाटतं, परिणाम मोजताच येत नाही, म्हणून मोजूच नये. माझं मत असं की मोजायला हवंच, पण आज आपण जे मोजतोय तो संशोधनाचा परिणाम नाही. लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांची घेतलेली ती दखल आहे. आणि ही गफलत इतर कुणाच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या लक्षात यायला हवी होती, कारण हीच चूक आपण एकदा ऑपरेशनांच्या बाबतीत केली आहे आणि निस्तरलीही आहे.

आधी आकड्याबद्दल. एच-इंडेक्स २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं मांडला. तुमच्या बारा पेपरांना प्रत्येकी किमान बारा सायटेशन्स असतील तर तुमचा आकडा १२. सोपा, एका ओळीत मावणारा, कारकुनालाही काढता येईल असा. एकच गाजलेला पेपर लिहून आयुष्यभर मिरवणाऱ्याला तो रोखतो आणि भारंभार निकृष्ट पेपर छापणाऱ्यालाही. हे त्याचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात हे सांगणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरपेक्षा तर तो शंभर पटींनी बरा, कारण यूजीन गारफील्ड यांचा तो आकडा मुळात जर्नलांचा आहे, माणसांचा नाही. ग्रंथालयानं कोणती जर्नल्स घ्यावीत हे ठरवायला तो कामाचा. पण खुद्द हिर्श यांनीच २०२० मध्ये लिहिलं की आपला निर्देशांक वाईट रीतीनं फसू शकतो आणि त्याचे नको ते परिणाम होऊ शकतात. बापानंच मुलाबद्दल असं सांगितल्यावर शेजाऱ्यांनी तरी त्याचं किती कौतुक करावं?

काचबिंदूचा रुग्ण समोर बसतो तेव्हा काय होतं ते आठवून पाहा. तक्त्यावरची शेवटची ओळ तो घडाघडा वाचतो. सहा-सहा, म्हणजे निरोगी नजर. स्नेलेन यांचा तक्ता १८६२ पासून चालत आलाय, त्यात खोट काहीच नाही. रुग्णाची मधली नजर खरोखर उत्तम असते. फक्त बाजूची दृष्टी विझत चाललेली असते, आणि घरी जाताना तोच माणूस दाराच्या चौकटीवर आपटतो. डोळ्याच्या दाबाचंही तेच. २१ च्या वर आजार, आत ठीक, असं सुटसुटीत गणित एकेकाळी होतं. मग दाब कायम २१ च्या आत असूनही नस वाळत गेलेले रुग्ण भेटू लागले. आज कुठलाही पीजी विद्यार्थी तक्ता, दाब, नस आणि फील्ड (बाजूच्या दृष्टीची तपासणी) पाहिल्याशिवाय मत देत नाही. दिलं तर सर त्याला वॉर्डातून हाकलतील. तेच सर निवड समितीत बसले की एका रकान्यावर निकाल लावतात.

एकाच विभागात काम करणाऱ्या दोन माणसांना हा रकाना कसा वेगळा लागू होतो, तेही पाहण्यासारखं आहे. एक दृष्टिविज्ञानाचा अभ्यासक. मेंदू प्रतिमा कशी जुळवतो, रेटिनातली जनुकं काय करतात, यावर काम करणारा. दुसरा छोट्या छेदाच्या मोतीबिंदू शस्त्रक्रियेत हात बसलेला सर्जन. पहिल्याचे वाचक कोण? मेंदूविज्ञानवाले, मानसशास्त्रज्ञ, जनुकशास्त्रज्ञ, आता संगणकवालेसुद्धा. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या मेंदूवर केलेल्या कामाला १९८१ मध्ये नोबेल मिळालं. लहानपणीच्या ठरावीक काळात डोळ्याला नीट प्रतिमा मिळाली नाही तर मेंदू त्या डोळ्याकडे पाठ फिरवतो, हे त्यातून उलगडलं आणि आळशी डोळ्याच्या उपचारात घाई का करायची हे पक्कं झालं. त्या कामाचा दाखला डोळ्याशी संबंध नसलेली माणसंही देतात. दुसऱ्याचा वाचक म्हणजे उमरेडला किंवा गडचिरोलीला टेबलावर उभा असलेला सर्जन. तो पेपर वाचतो, दुसऱ्या दिवशी छेदाची जागा किंचित बदलतो, त्याच्या रुग्णाला टाक्याशिवाय सरळ दिसतं. आणि तो त्यावर एक ओळही लिहीत नाही. कशाला लिहील? त्याला पुढचं ऑपरेशन उभं असतं. सायटेशन फक्त त्याच वाचकाला मोजतं जो स्वतः लेखक आहे. जिथे वाचक बहुतेक सगळे न लिहिणारे आहेत, तिथे हा आकडा परिणामाच्या अगदी काठावरचं तेवढं टिपतो.

यावर हुशार प्रतिपक्ष म्हणेल की हा जुना आक्षेप झाला, त्यावर उपाय निघालाय. बरोबर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या माणसांनी २०१६ मध्ये रिलेटिव्ह सायटेशन रेशो काढला. तो तुमच्या पेपरची तुलना त्याच्याच भाऊबंदांशी करतो. क्षेत्र मोठं की लहान यानं फरक पडत नाही, वय जास्त म्हणून आकडा फुगत नाही. अमेरिकेतल्या नेत्रविभागांच्या पाहण्यांत स्त्री-प्राध्यापकांचा एच-इंडेक्स सरासरीनं कमी भरतो तो बऱ्याच अंशी कारकिर्दीच्या वर्षांमुळे. अशा ठिकाणी नवं माप नक्कीच न्याय्य ठरतं. पण या रेशोमध्ये ‘एक’ हा आकडा म्हणजे काय? त्याच संस्थेच्या पैशावर झालेल्या कामाचा मध्य. म्हणजे भिंग घासलंय त्या संस्थेच्या मेरीलँडमध्ये आणि पाहायचंय विदर्भातलं बुबुळ. शिवाय न लिहिणारा वाचक त्यातही नाहीच.

आता बुबुळाचंच सांगतो. दिवाळीनंतर काटोलकडचा एक शेतकरी ओपीडीत आला. उजवा डोळा लालभडक, उजेड सहन होईना. ‘सोयाबीन काढून राह्यलो होतो जी, कचरा उडाला डोळ्यात,’ एवढीच हकिकत. गावातल्या दुकानातून थेंब घेतले होते. दोन दिवस लाली उतरली, मग दुखणं वाढलं. बाटली त्यानं पिशवीतून काढून दाखवली: स्टेरॉइड. बुबुळावर पांढुरका डाग, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. आमच्या रजिस्ट्रारनं, म्हणजे निवासी डॉक्टरनं, कुणालाही न विचारता डोळा बधिर केला, डागाच्या कडेवरून हलकेच खरवडलं, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. फांद्या फुटलेले धागे. बुरशी. तासातासाला नाटामायसिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं. त्या पोरीला हे करायला कुणी शिकवलं? तिच्या आधीच्या रजिस्ट्रारनं. त्याला कुणी शिकवलं? असं मागे मागे गेलं की आमच्या एका सरांचं लाल बांधणीचं रजिस्टर सापडतं. नव्वदच्या दशकात बुबुळावर जखम घेऊन आलेल्या प्रत्येकाची त्यात नोंद होती: कोणतं पीक, कोणता महिना, आधी कोणते थेंब टाकले, काचपट्टीवर काय दिसलं. त्यातून त्यांनी एक छोटा पेपर लिहिला, मान्य जर्नलांच्या सूचीत (इंडेक्समध्ये) नसलेल्या एका जर्नलच्या अंकात. त्याला मिळालेली सायटेशन्स एका हाताच्या बोटांवर मावतील. आजच्या नियमांनी त्या पेपरची किंमत शून्य. खरवडल्याशिवाय स्टेरॉइड नाही, ही सवय मात्र त्यांच्या हाताखालून गेलेल्या पंचवीस-तीस तुकड्या जिल्ह्याजिल्ह्यांत घेऊन गेल्या. हा परिणाम नाही तर काय आहे? आणि तो कुठल्या रकान्यात भरायचा?

ऑपरेशनांच्या बाबतीत आपण केलेली चूक म्हणत होतो ती अशी. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. मोतीबिंदूची ऑपरेशनं किती झाली, हा त्याचा आकडा. जिल्ह्याला उद्दिष्ट मिळायचं आणि मार्च जवळ आला की शिबिरांना जोर चढायचा. शाळेच्या वर्गात, धर्मशाळेत टेबलं लागायची. मोतीबिंदू काढायचा, भिंग बसवायचं नाही, महिन्याभरानं +१० चा जाड चष्मा द्यायचा. बाटलीच्या बुडासारखा तो चष्मा ज्यांच्या आजीनं लावला असेल त्यांना आठवेल. चष्मा फुटला, एसटीत राहिला, नातवानं मोडला की आजी पुन्हा आंधळी. रजिस्टरमध्ये मात्र तिचं ऑपरेशन जमेलाच. वरच्या कार्यालयाला आकडा मिळाला, सर्जनला शाबासकी मिळाली आणि आजी भिंत चाचपत बसली. १९९४ नंतर जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प महाराष्ट्रासह सात राज्यांत आला, ऑपरेशनं शिबिराच्या तंबूतून रुग्णालयात सरकली, डोळ्यात भिंग बसू लागलं. आणि आज जग कुठे आलंय? २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेनं जे माप उद्दिष्ट म्हणून स्वीकारलं, त्यात ऑपरेशनांची संख्या नाही. ज्यांना गरज होती त्यांतल्या किती जणांचं ऑपरेशन झालं आणि नंतर त्यांना ६/१२ किंवा त्याहून चांगलं दिसतं का, हे त्यात विचारलंय. २०३० पर्यंत हे प्रमाण ३० टक्के अंकांनी वाढवायचं आहे. म्हणजे आपण ‘किती केलं’वरून ‘कुणाला दिसलं’वर आलो. या प्रवासाला चार दशकं लागली. संशोधनाच्या बाबतीत आपण अजून शाळेच्या वर्गात टेबल लावून बसलोय. पेपरांची संख्या म्हणजे ऑपरेशनांची संख्या, आणि सायटेशन म्हणजे एका सर्जननं दुसऱ्याला दिलेली शाबासकी.

माझ्या विरोधातला सगळ्यात जोरकस मुद्दा मला कुठल्या प्राध्यापकानं नाही, एका तरुण सहकारी डॉक्टरनं ऐकवला. घरातली ती पहिली डॉक्टर. ती म्हणाली, ‘सर, तुम्ही म्हणता पेपर वाचून ठरवा. माझा पेपर कुणी उघडला असता? माझ्या आडनावावरूनच त्यांचं वाचून झालं असतं. आकडा होता म्हणून मी या खुर्चीत आहे.’ मी गप्प बसलो. तिचं खरं आहे. वाचून ठरवू म्हणणाऱ्या समित्यांनी या देशात काय वाचलं आणि काय ठरवलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्यामागे कुणी उभं नाही, त्याला आकडा हा एकच साक्षीदार उरतो. एच-इंडेक्सला शिव्या घालणारे बहुतेक जण आकडा नसतानाही निवडून आलेच असते, हे मी माझ्यासकट मान्य करतो.

पण वशिला आकड्याच्या दारात थांबतो का? २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं ठरवलं, प्रमोशनसाठी पहिल्या दोनच लेखकांना श्रेय. २०२० मध्ये ते पहिले तीन आणि कॉरस्पॉन्डिंग ऑथर (पेपरबाबतचा पत्रव्यवहार पाहणारा लेखक) असं झालं. हेतू चांगला होता. घडलं काय? ज्याच्या हाती विभाग, त्याच्या हाती नावांचा क्रम. थिसिस पीजीचा, रात्री जागून भरलेला डेटा पीजीचा आणि पेपर निघताना पहिल्या तिनांत कोण, याची बोलणी चहाच्या टपरीवर. ज्याचं प्रमोशन पुढच्या वर्षी आहे त्याला यंदा वर सरकवायचं, त्यानं नंतर परतफेड करायची. माझ्याही नावावर दोन पेपर असे आहेत ज्यांचा डेटा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. मग हा आकडा कुणाला वाचवतो? ज्याला बोलणी करता येतात त्यालाच तो पुढे नेतो. फरक इतकाच की आधी वशिला उघडा दिसायचा, आता दोन दशांश स्थळांपर्यंत दिसतो. माझ्या सहकाऱ्याच्या म्हणण्यातलं जे उरतं ते मात्र घट्ट धरून ठेवायला हवं. वाचायचं असेल तर वाचणारे बाहेरच्या राज्यांतले हवेत, उमेदवाराचं नाव झाकलेलं हवं आणि निकालाची कारणं लेखी हवीत.

दुसरा आक्षेप: चांगल्या कामाला आज ना उद्या सायटेशन्स मिळतातच. अनेकदा मिळतात, हे खरंच आहे. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेले अभय बंग आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतल्या घरगुती नवजात-सेवेचा पेपर १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. तो जगभर उद्धृत झाला आणि देशातल्या आशा ताईंच्या कामातही पोचला. दक्षिण भारतातल्या अरविंद नेत्ररुग्णालयांत ३२३ रुग्णांवर झालेल्या चाचणीनं २०१३ मध्ये दाखवून दिलं की बुरशीच्या अल्सरवर महागडं व्होरिकोनाझोल जुन्या नाटामायसिनपुढे कमी पडतं. तिलाही सायटेशन्सचा तोटा नाही. पण यातून सिद्ध काय होतं? परिणाम घडला की कधी कधी आकडाही वाढतो. आकडा नाही म्हणून परिणाम नाही, हे त्यातून निघत नाही. हॅरॉल्ड रिडली यांची गोष्ट आता फार घासून झालीय, म्हणून एका ओळीत उरकतो: १९४९ मध्ये डोळ्यात पहिलं भिंग बसवणाऱ्या या माणसाची पुढची कित्येक वर्षं टर उडवली गेली. मला त्याहून मोठं उदाहरण मदुराईच्या ऑरोलॅबचं वाटतं. १९९२ मध्ये त्यांनी भिंगं बनवायला घेतली आणि शंभर डॉलरच्या घरातली वस्तू दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. जाड चष्म्याच्या आज्या संपल्या त्या यामुळे. हे संशोधन नव्हतं असं कोण म्हणेल? त्याचा एच-इंडेक्स किती?

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण हे वाचून ती एव्हाना खूश झाली असेल. ‘आम्ही सेवा करतो, मोजू नका’ ही भूमिका मला जास्त धोक्याची वाटते. सरांनी रोज पेशंट पाहिले आणि रजिस्टर लिहिलं नसतं, तर ती सवय त्यांच्याबरोबरच निवृत्त झाली असती. नेपाळच्या भक्तपूरमध्ये गावातल्या स्वयंसेवकांना एवढंच शिकवलं होतं की डोळ्याला ओरखडा दिसला की क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम लावायचं. २००१ मध्ये निकाल छापून आला: दुखापतीनंतर अठरा तासांच्या आत ज्यांना मलम मिळालं, त्यांच्यातल्या एकालाही अल्सर झाला नाही. मलम स्वस्तातलं, लावणारे गावचेच. पण कुणीतरी प्रत्येक ओरखड्याची वेळ टिपून ठेवली म्हणून हे जगाला कळलं. आपल्याकडे दर सोयाबीनला, दर कापसाला बुबुळं खराब होतात, डोळ्यात फूल पडतं आणि आपण हळहळतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पट्ट्यात बसून त्या रुग्णांच्या डोळ्यांचे पडदे आपण किती नेमानं तपासतो आणि लिहून ठेवतो? तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणणाऱ्याकडे नोंदी नसतील, तर तो एकाच वर्षाचा अनुभव तीस वेळा असू शकतो. अनुभवाला कुणी उलटतपासणीला उभं केलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग करायचं काय? मला सुचतं ते फार भव्य नाही. आकडे ठेवा, तक्ता ठेवतो तसे. त्याच्या जोडीला प्रत्येक उमेदवारानं आपली पाच कामं निवडावीत आणि एका पानात लिहावं की त्यामुळे कुणी काय वेगळं केलं: कुठल्या विभागाची पद्धत बदलली, कुठली चाचणी तालुक्याला पोचली, कुठलं औषध बंद झालं. पेपर असेल तर पेपर, रजिस्टर असेल तर रजिस्टर, एखादं उपकरण असेल तर तेही. दावा पडताळायला दोन फोन पुरतात. ब्रिटननं २०१४ पासून विद्यापीठांच्या मूल्यांकनात अशा परिणाम-कथांना वजन दिलं, आधी २० टक्के, मग २५. तिथेही कथा फुगवून लिहिणाऱ्यांचा धंदा सुरू झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पण फुगवलेली कथा फोडता येते. फुगवलेला आकडा फोडायला गेलं की समोरून उत्तर येतं, ‘सॉफ्टवेअरनंच काढलाय’. वेळ नाही ही सबब तर ऐकूच नये. एक प्राध्यापक वीस-पंचवीस वर्षं शिकवतो. त्याला नेमताना पाच पेपर वाचायला एक दुपार जाते.

गेल्या महिन्यात एका निवड समितीच्या तयारीच्या बैठकीला मी असं कोरं पान फॉर्मला जोडायला सुचवलं. कुणी विरोध केला नाही, जेवायची वेळ झाली होती. संध्याकाळी तिथल्या बाबूचा फोन आला. ‘सर, या पानाचे मार्क कोणत्या रकान्यात घेऊ?’ मी म्हटलं, रकाना रिकामा ठेवा, वाचून मग भरू. तो जरा थांबला. म्हणाला, ‘रिकामं ठेवता येत नाही जी, सिस्टिम पुढे जात नाही. सध्या सगळ्यांना शून्य टाकून ठेवतो.’